तुमचा ग्रुप कोणता?

(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं’ या विषयावर वीस मिनिटं बोलायला सांगितलं होतं. मी हो म्हटलं होतं. पण गेल्या महिन्यात मी उमराह करून आले, आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो टाकला, आणि त्या दिवसापासून मला एकच प्रश्न येतोय. ‘एकटी गेलीस?’ कुणी काळजीने विचारलं, कुणी कौतुकाने. एकाने, तो आता तिसऱ्या रांगेत बसलाय, त्याचं नाव घेत नाही, ‘तुमच्यात चालतं का असं?’ असंही विचारलं. प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर टाइप करून अंगठे दुखले. म्हणून संयोजकांची परवानगी काढून विषय बदलला. कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल जेवताना विचारा, तेवढ्यात होईल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. हज वर्षातून एकदाच, जिलहज महिन्याच्या ठरलेल्या दिवसांत होतो. ज्याची ऐपत आणि तब्येत आहे त्याच्यावर तो आयुष्यात एकदा फर्ज, म्हणजे बंधनकारक. उमराह त्यापेक्षा लहान, वर्षभरात केव्हाही करता येतो. मीकात म्हणून मक्केच्या चहूबाजूंनी हद्दी ठरलेल्या आहेत, त्या ओलांडण्याआधी एहराममध्ये जायचं, म्हणजे नियत करायची आणि काही बंधनं पाळायची. मग काबाभोवती सात फेरे, तो तवाफ. मग सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये सात खेपा, ती सई. शेवटी केस कापायचे, बायकांनी बोटाच्या पेराएवढे. गर्दी नसेल तर तीन-चार तासांत उमराह पूर्ण होतो.

आता ‘चालतं का’ हा प्रश्न. बाईने प्रवासाला निघताना तिच्यासोबत महरम हवा, असा नियम. महरम म्हणजे नवरा, किंवा ज्याच्याशी तिचं लग्न कधीच होऊ शकत नाही असा पुरुष: बाप, भाऊ, मुलगा, काका, मामा, भाचा, पुतण्या, सासरा, जावई. यावर उलेमांमध्ये मतं वेगवेगळी आहेत आणि ती आजची नाहीत. आम्ही कोकणी मुसलमान बहुतेक शाफई मताचे. त्या मतात फर्ज हजसाठी विश्वासू बायकांच्या सोबतीने जाण्याला जुन्या काळापासून जागा आहे. पण मताचं पुस्तक वेगळं आणि व्हिसाचा फॉर्म वेगळा. सौदीचा नियम बरीच वर्षं असा होता: पंचेचाळीसच्या आतल्या बाईला महरमशिवाय व्हिसा नाही. त्यापुढच्या बाईला संघटित गटातून जाता येई, पण महरमचं ना-हरकत पत्र लागे. आणि भारतातून हजचा सरकारी अर्ज भरायचा तर वय कितीही असो, महरम लागायचाच.

आठवीतली सहल आठवते का? दाभोळची. धक्क्याजवळची ती मोठी घुमटाची मशीद, जिला गावात अंडा मशीद म्हणतात, मासाहेबाची मशीदही म्हणतात. तिथल्या पायऱ्यांवर बसून आपण डबे खाल्ले होते आणि बाई आपल्याला गोष्ट सांगत होत्या. विजापूरच्या आदिलशाही घराण्यातली आयेशाबीबी मक्केला जायला निघाली, दाभोळपर्यंत आली, पण समुद्र सुरक्षित नव्हता, पुढे जाता आलं नाही. यात्रेसाठी आणलेला पैसा तिने मशिदीला लावला, असं सांगतात. सतराव्या शतकातली गोष्ट. त्या वयात मला त्यात एवढंच दिसलं होतं की राणीकडे भरपूर पैसे होते. आता त्या वाटेने गेले की वाटतं, दाभोळपर्यंत येऊन थांबलेल्या बायका किती असतील, आणि त्यांतल्या बहुतेकींकडे मशीद बांधण्याएवढे पैसे नव्हते.

माझे आजोबा गेले होते. दाभोळहून बोटीने भाऊच्या धक्क्यावर, तिथून मुंबईत मुसाफिरखान्यात मुक्काम, मग मुघल लाइनच्या जहाजाने जेद्दा. मुंबई ते जेद्दा आठवडाभर समुद्र. सोबत कफन घेऊन जायचे, कारण परत येण्याची खात्री नसे. मुंबईहून हजची जहाजं १९९५ पर्यंत चालली, म्हणजे आपण दहावी झालो त्या वर्षापर्यंत. आजोबा परत आले तेव्हा अख्खा मोहल्ला त्यांना आणायला गेला होता म्हणे. आजी गेली नव्हती. तिला सोबतीला नवरा होता, पण दोघांचे पैसे नव्हते.

आणि मग माझी अम्मा. तुमच्यातल्या निम्म्या मुलींनी तिला ओळखायला हवं, कारण तुमचे निळे पिनाफोर तिनेच शिवलेत. उंची वाढेल म्हणून खाली चार बोटं दुमड ठेवायची, आठवतं? १९९९ मध्ये अब्बा गेले. मी एकुलती एक. अम्माचा एकच भाऊ, माझे मामा, २००४ साली गेले. त्यांना तिन्ही मुलीच. मी लग्न केलं नाही, हे तुम्हाला माहीत आहे आणि दर मेळाव्यात कुणी ना कुणी त्याची आठवण करून देतंच. म्हणजे हिशेब बघा: बाप नाही, नवरा नाही, भाऊ नाही, मुलगा नाही, भाचा-पुतण्या नाही, जावई नाही. अम्माच्या पोस्टाच्या पासबुकात शिलाईचे पैसे होते. हज स्वतःच्या कष्टाच्या पैशाने करायचा म्हणून माझ्या पगारातला रुपया तिने त्यात घालू दिला नाही. पैसे होते, पाय धड होते, पासपोर्ट होता. अर्जात ‘महरमचे नाव’ हा एक रकाना होता आणि तो रिकामा सोडता येत नव्हता.

मी फॉर्मच बनवते, तेच माझं पोट आहे. एखाद्या रकान्यापुढे लाल तारा लावणं ही आमच्याकडे अर्ध्या मिनिटाची गोष्ट असते. त्या ताऱ्यामुळे कोण बाहेर राहील याचा विचार करायला कुणी बैठक बोलावत नाही. मी आता बोलावते. माझ्या टीममधली पोरं वैतागतात, पण बोलावते.

अम्माला एका एजंटाने उपाय सुचवला होता. कागदोपत्री भाचा. तेव्हा हे सर्रास चालायचं. कुणाचा तरी मुलगा भाचा म्हणून दाखवायचा, तो त्याचा हज करील, तुम्ही तुमचा करा. अम्मा त्याला म्हणाली, ‘अल्लाच्या घरी खोट्या नात्याने जाऊ? मग घरीच काय वाईट आहे?’ आणि मशीन चालवायला बसली. तिने मला एकदाही म्हटलं नाही की तू लग्न केलं असतंस तर मला जावई असता. बाकी सगळ्यांनी म्हटलं. तिच्या बहिणींनी तर माझ्यासमोरच म्हटलं.

२०१६ मध्ये ती गेली. २०१८ च्या हजपासून भारताच्या धोरणात बदल झाला: पंचेचाळीस वर्षांपुढच्या बायकांना चार किंवा अधिक जणींच्या गटाने महरमशिवाय अर्ज करता येऊ लागला. पहिल्या वर्षी देशभरातून सुमारे १३०० जणींनी अर्ज केले आणि त्यांना सोडतीतूनही सूट मिळाली. २०२३ मध्ये अशा गेलेल्या बायका चार हजारांच्या वर होत्या. दरम्यान ऑक्टोबर २०२२ मध्ये सौदीच्या हज मंत्र्यांनी जाहीर केलं की हज किंवा उमराहला येणाऱ्या बाईला महरमची अट नाही. दोन वर्षं. अम्माचं फक्त दोन वर्षांनी चुकलं. यावर मी काय बोलणार. पुढे जाऊ.

पासबुकातले पैसे तसेच होते. मी ठरवलं, त्यातून एक उमराह स्वतःचा करायचा आणि एक तिच्या नावाचा. आधी स्वतःचा, मग दुसऱ्याच्या वतीने, असा क्रम असतो. कुठल्याही टूरबरोबर जायचं नाही हेही ठरवलं. त्यात बंडखोरी वगैरे काही नव्हती. मला गर्दीत झोप येत नाही आणि पहाटे साडेतीनला कुणी दार वाजवलेलं आवडत नाही.

प्रश्न मुंबईच्या विमानतळावरच सुरू झाला. उमराहच्या विमानात बहुतेक सगळे ग्रुपने जातात. गळ्यात रंगीत पट्टा, त्याला ओळखपत्र, पाठीवर टूरच्या नावाची पिशवी, बायकांच्या डोक्यावर एकाच रंगाचे स्कार्फ, म्हणजे गर्दीत हरवल्या तरी सापडतील. माझ्या गळ्यात काहीच नाही. सामान देताना, सुरक्षा तपासणीत, पाण्याच्या नळापाशी, जो तो विचारी: ‘आपका ग्रुप कौनसा है?’ मी म्हणे, ‘कोई ग्रुप नहीं.’ लगेच पुढचा प्रश्न, ‘तो मर्द किधर हैं?’ विमानात माझ्या शेजारी मालेगावच्या एक आजी होत्या, वय पंचाहत्तरच्या पुढे. त्यांनी हेच दोन प्रश्न विचारले, उत्तरं ऐकली, जरा वेळ खिडकीबाहेर पाहिलं आणि मला एक उकडलेलं अंडं दिलं.

साडेपाच तासांचा प्रवास. शेवटच्या तासात विमानात एकच गडबड उडते. मीकात जवळ येते, सगळ्यांना वुजू करायचा असतो, छोट्याशा संडासासमोर रांग लागते, आतली जमीन ओली आणि हवाईसुंदऱ्या हातात कागदी रुमालांचे गठ्ठे घेऊन उभ्या. पुरुषांचे ते दोन बिनशिवलेले पांढरे कपडे सावरताना होणारे हाल तर बघवत नाहीत. बायकांना एहरामचा खास पोशाख नसतो. साधे, अंग झाकणारे कपडे चालतात. पण एक बंधन आहे, जे ऐकून तुमच्यातल्या अनेकांना नवल वाटेल: एहराममध्ये बाईने नकाब लावायचा नाही. घोषणा झाली, मी मनात नियत केली, सगळ्या विमानाने एका सुरात तलबिया सुरू केला. माझ्या ओठांतून आवाज निघेना. आजींनी कोपर मारलं तेव्हा निघाला.

उतरताना खिडकीतून मला जे बघायचं होतं ते दिसलं. वाळवंटात पांढऱ्या तंबूंची रांगच रांग. हे जेद्दाचं हज टर्मिनल. आपल्यातला जो आज रस्त्यांची कंत्राटं घेतो त्याने हे ऐकावं, कारण हे बांधकाम शिकण्यासारखं आहे. हजच्या दिवसांत काही आठवड्यांत लाखो माणसं इथे उतरतात, तासन्‌तास थांबतात, आणि उरलेलं वर्ष जागा बरीचशी रिकामी. एवढी जागा बंदिस्त करून वातानुकूलित करायची तर खर्चाला अंत नाही. तेव्हा फजलूर रहमान खान या इंजिनियरने आणि त्यांच्या शिकागोच्या कंपनीने भिंतीच काढून टाकल्या. प्रत्येकी ४५ मीटर चौरसाचे २१० तंबू, पोलादी खांबांवरून तारांनी ताणलेले, टेफ्लॉनचा लेप दिलेल्या काचतंतूंच्या कापडाचे. पांढरं कापड ऊन परतवतं, उजेड मात्र आत झिरपतो. प्रत्येक तंबूच्या शेंड्याला एक पोलादी कडं आहे, मधे उघडं. गरम हवा वर चढते, तिथून निघून जाते, आणि मोकळ्या बाजूंनी वारा आत येतो. वाळवंटातल्या माणसांना हे हजारो वर्षं ठाऊक होतं. या माणसाने ते फुटबॉलच्या मैदानांच्या मापाने बांधलं.

खान हे ढाक्याचे, जन्म १९२९ चा. शिकागोचा सिअर्स टॉवर, जो १९७४ मध्ये जगातली सगळ्यांत उंच इमारत होता, त्याची रचना त्यांचीच. तीन बाजूंचं गणित जमलेल्या माणसाला इतक्या साध्या छपरात रस वाटला, हे मला फार आवडतं. २७ मार्च १९८२ रोजी ते वारले, तेही जेद्दातच. वय ५२. टर्मिनलला १९८३ मध्ये वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला, तो बघायला ते नव्हते.

माझं विमान मात्र नव्या टर्मिनलवर लागलं. टर्मिनल १, अफाट मोठं, आतल्या आत फिरायला छोटी गाडी. चालता चालता आजी मागे पडल्या, त्यांचा हिरव्या स्कार्फांचा ग्रुप पुढे गेला, आणि मी पासपोर्टच्या रांगेत उभी राहिले.

इथे मला खरी धाकधूक होती. मी एक फाइल बरोबर घेतली होती. त्यात हॉटेलचं बुकिंग, परतीचं तिकीट, कंपनीचं पत्र, विमा, आणि अब्बांचा, मामांचा, अम्माचा, तिघांचे मृत्यूचे दाखले. इंग्रजी भाषांतर करून, शिक्के मारून. कुणी विचारलं की तुझा पुरुष कुठे आहे, तर दाखवायला. नियम बदललाय हे मला पाठ होतं. पण नियम बदलला हे काउंटरवरच्या माणसाला त्या दिवशी त्या वेळी आठवेल का, हा प्रश्न वेगळा असतो. तुम्ही सगळे तहसील कचेरीत गेलेले आहात, तुम्हाला सांगायला नको. परत पाठवलं तर? एहरामची नियत केलेली, मीकात ओलांडलेली. एका बाजूला बसवून ठेवलं तर? रांग सरकत होती आणि मी मनातल्या मनात इंग्रजी वाक्यं जुळवत होते.

काउंटरवर एक तरुण मुलगी होती. काळा अबाया, नकाब, दिसत होते ते फक्त डोळे. तिचा चेहरा झाकलेला, माझा एहराममुळे उघडा. २०१८ मध्ये सौदीच्या पासपोर्ट खात्याने विमानतळ आणि सीमा नाक्यांसाठी बायकांच्या १४० जागा काढल्या होत्या, त्यांना १ लाख ७ हजार अर्ज आले. ही त्याच सालातली होती की नंतरची, मला ठाऊक नाही, पण मी तिच्याकडे तसंच बघत होते: शंभर-सव्वाशे कुठे, लाख कुठे.

‘उमराह?’

‘येस.’

तिने माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. मागे एक इंडोनेशियन जोडपं होतं.

‘अलोन?’

‘अलोन.’

मी फाइल काउंटरवर ठेवली. बोटांचे ठसे घ्यायच्या यंत्रासमोर ती आडवी येत होती. मुलीने हाताच्या पालथ्या बाजूने ती हळूच बाजूला सारली. उघडली नाही. उजवी चार बोटं, डावी चार बोटं, दोन्ही अंगठे, कॅमेऱ्याकडे बघा. पासपोर्ट परत. ‘वेलकम.’ आणि तिने पुढच्याला बोलावलं.

दोन मिनिटं. मी घड्याळ पाहिलं होतं, सवयच आहे, आमच्या धंद्यात प्रत्येक गोष्टीला किती वेळ लागला हे मोजतात. दोन मिनिटंही नाहीत, एक मिनिट आणि काही सेकंद. अम्माचा अर्ज मी पहिल्यांदा आणला २००५ मध्ये. अकरा वर्षं ती थांबली.

बाहेर येऊन मी सामानाच्या पट्ट्याजवळच्या बाकावर बसले. माझी बॅग तीनदा समोरून फिरून गेली, मी उठले नाही. रडले म्हणावं तर तसंही नाही. त्या मुलीचा राग आला होता थोडा, कारण इतकं सोपं असायला नको होतं. निदान एखादा दाखला तरी तिने बघायला हवा होता.

तेवढ्यात मालेगावच्या आजी दिसल्या. एकट्याच, ढकलगाडीला धरून, भलत्याच पट्ट्यासमोर. त्यांचा ग्रुप बाहेर जाऊन बसमध्ये बसलेला, पुढाऱ्याने डोकी मोजली होती पण कुणाची तरी दोनदा मोजली असावी. गळ्यातल्या ओळखपत्रावर नंबर होता. मी आधी माझं सिमकार्ड घेतलं. तिथेही बोटांचे ठसे द्यावे लागतात, काउंटरवरचा मुलगा मलयाळी होता आणि त्याला माझं हिंदी माझ्या इंग्रजीपेक्षा बरं वाटलं. मग फोन लावला. पुढाऱ्याला यायला चाळीस मिनिटं लागली. तोवर आम्ही दोघींनी उरलेली रोटी आणि अंडी संपवली. पुढारी धावत आला, आजींना आधी रागावला, मग मला शुक्रिया म्हणाला आणि विचारलं काय, तर, ‘आप किस ग्रुप में हैं?’ आजी म्हणाल्या, ‘मेरे ग्रुप में है.’ जाताना त्यांनी माझ्या हातात पाच रियालची नोट कोंबली. नको म्हणायला गेले तर ज्या नजरेने पाहिलं, ती नजर तुम्हाला आपल्या मुख्याध्यापक बाईंची आठवण करून देईल.

विमानतळाला लागूनच हरमैन रेल्वेचं स्टेशन आहे. २०१८ मध्ये सुरू झालेली मक्का ते मदिना गाडी, सुमारे ४५० किलोमीटरचा मार्ग, ताशी ३०० किलोमीटरपर्यंत वेग. बाहेर ‘मक्का? मक्का?’ करत टॅक्सीवाले मागे लागतात, त्यातले बरेच उर्दू बोलतात आणि भले असतात, पण मी गाडीच घेतली. या गाड्या चालवायला बायकांची भरती २०२२ मध्ये निघाली तेव्हा ३० जागांसाठी २८ हजार अर्ज आले होते. आता तिथे बायका इंजिन चालवतात. २०१८ च्या जूनपर्यंत त्या देशात बाईला मोटारगाडी चालवायची परवानगी नव्हती, हे लक्षात घ्या. तिथे सगळं आलबेल झालं असं मी म्हणत नाही, चार दिवसांच्या पाहुणीने तसं म्हणूही नये. मी जे पाहिलं तेवढं सांगते.

तासाभराच्या आत मक्का. स्टेशन रुसैफा भागात आहे, तिथून हरमपर्यंत बस किंवा टॅक्सी. तवाफबद्दल मी बोलणार नाही. ते मला सांगता येत नाही, आणि ज्यांना येतं त्यांच्यावर माझा फारसा विश्वास नाही. सईबद्दल थोडं सांगते. सफा आणि मरवा यांच्यात सात खेपा, मिळून तीन किलोमीटरच्या आसपास चाल होते. आता वर छत, खाली संगमरवर, गार हवा. ही चाल हाजराची आहे. इब्राहीम तिला आणि तान्ह्या इस्माईलला त्या ओसाड दरीत ठेवून गेले, पाणी संपलं, आणि पाण्यासाठी ती एकटी या टेकडीवरून त्या टेकडीवर धावली. तिथेच झमझम लागलं. हजला आणि उमराहला येणारा प्रत्येक पुरुष, राजा असो की हमाल, त्या एकट्या बाईच्या पावलांवरून सात वेळा चालतो. मला पाचव्या खेपेला हे आठवलं आणि हसू आलं. शेजारून एक सुदानी गृहस्थ चालले होते, त्यांनी काळजीने मला पाणी दिलं.

तिसऱ्या दिवशी अम्माचा उमराह. त्यासाठी मक्केच्या हद्दीबाहेर जाऊन पुन्हा एहराम बांधावा लागतो. सगळ्यांत जवळची जागा तनईम, हरमपासून सातेक किलोमीटर. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा यांनी तिथून उमराहचा एहराम बांधला होता, म्हणून तिथल्या मशिदीला त्यांचं नाव आहे. टॅक्सीने गेले, दोन रकात नमाज पढले, आणि नियत करताना अम्माचं नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट, पूर्ण. फॉर्मवर लिहायची तसं. तिचा हज अजून बाकी आहे. आधी मला माझा करावा लागेल, मग तिच्या वतीने. बघू.

‘भीती वाटली नाही?’ असं मुलींनी विचारलंय. रात्री अकरा-बारालाही हरमच्या आसपास रस्ते भरलेले असतात, आणि पुण्यात रात्री रिक्षा शोधताना जितकी वाटते तितकी मला तिथे कधी वाटली नाही. हॉटेल चालत जाण्याच्या अंतरावर घ्या, चार पैसे जास्त गेले तरी. हॉटेलचं कार्ड अरबीतलं जवळ ठेवा. मदिनेत रियाजुल जन्नामध्ये जायचं तर नुसुक ॲपवर आधी वेळ घ्यावी लागते, ती निघण्याआधीच बघून ठेवा. आणि ज्याला ग्रुपने जायचंय त्याने ग्रुपनेच जावं, त्यात काही कमीपणा नाही. गुडघे दुखत असतील तर एकटीने जाण्याची हौस करू नये.

परत आल्यापासून मोहल्ल्यातल्या तीन जणी येऊन गेल्या. एक विधवा, एकीचा नवरा वीस वर्षांपूर्वी आफ्रिकेत गेला तो गेलाच, आणि एक माझ्या खालाच, वय ६८. मला ‘तू लग्न केलं असतंस तर’ म्हणणाऱ्यांत त्या पहिल्या होत्या.  मागच्या रविवारी तिघींची कागदपत्रं मी स्कॅन केली. खालांचे ठसे यंत्रावर उमटतील की नाही ही मला चिंता आहे, आयुष्यभर भांडी घासून बोटं गुळगुळीत झालीत. त्यावर उपाय शोधतेय. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

बाहेर जेवणाच्या टेबलाशेजारी मदिनेचे अजवा खजूर ठेवलेत, आणि झमझमही आहे. एका माणसाला पाच लिटरचीच बाटली आणता येते, त्यामुळे छोटे कप आहेत, पुन्हा पुन्हा मागू नका. साखरवाल्यांनी खजूर एकच घ्यावा. सर, तुम्हीसुद्धा.